परदेशी शिकायला निघताना: गोव्यातल्या घरातून कागद आणि बॅग कशी बांधावी

फोंड्याच्या एका ताईंनी विचारले आहे: मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जायचे घाटते आहे, ते जमले नाही तर इंग्लंडला. कोणते कागद आतापासून जमवायला घ्यावेत, बॅगेत काय भरावे, आणि ‘उकडे तांदूळ दे, सुके बांगडे दे, सोलां (आमसुले) दे’ असा आजीने लावलेला धोशा कितपत ऐकावा?

ताई, तुमच्या हाताशी वर्ष आहे, ही फार मोठी गोष्ट. परदेशी जाणाऱ्या गोव्यातल्या मुलांचे कागद बघण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. प्रवेश मिळालेल्या मुलाची गाडी परदेशी कचेरीत अडकलेली मी क्वचित पाहिली. ती अडते इथे, आपल्याकडे. पंचायतीत, नागरी निबंधकाच्या कार्यालयात, बँकेत, आणि सगळ्यात जास्त घरच्या कपाटातल्या कागदांवर. म्हणून विद्यापीठांची यादी करण्याआधी एका रविवारी हे करा: मुलीचा जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, आधार, पॅन, बँकेचे पासबुक, तुमचा विवाह दाखला आणि तुम्हा दोघांचे आधार-पॅन समोर घ्या. प्रत्येक कागदावर मुलीचे, तुमचे आणि तिच्या वडिलांचे नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे ते अक्षरन् अक्षर वहीत उतरवून काढा.

गोव्यातल्या घरांत ही वही बघण्यासारखी निघते. आजोबांच्या कागदावर ‘नाईक’ हे नाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून असते. ‘कामत’ सी ने सुरू होऊन ‘कामोतीं’ झालेले असते, ‘प्रभू’चा ‘पोरोब’ झालेला असतो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तेच नाव मुक्तीनंतरच्या इंग्रजी वळणाने येते, आणि आधारवर टंकणाऱ्याने त्याच्या कानाला पटले तसे. गावांचेही तेच: डिचोली, साखळी, केपे, काणकोण यांची इंग्रजी स्पेलिंगे एका कागदावर पोर्तुगीज वळणाची, दुसऱ्यावर उच्चाराप्रमाणे.

त्यात आईच्या नावाची गाठ वेगळीच. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत आहे. माहेरी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरी दुसरे, पॅन सासरच्या नावाने, आणि बँकेतले जुने खाते माहेरच्या आडनावाने. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे जे नाव आहे ते आईच्या आजच्या कुठल्याच ओळखपत्रावर नाही, असे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. एरवी यावाचून कुणाचे काही अडत नाही. पण इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाचे पैसे आईच्या खात्यातले दाखवायचे असतील, तर ती आईच आहे हे जन्मदाखल्याने सिद्ध करावे लागते, सोबत तिचे संमतीपत्र लागते. तिथे माहेरची सुनंदा आणि सासरची सुप्रिया एकच आहेत हे व्हिसा अधिकाऱ्याने कशावरून मानायचे?

सगळेच फरक दुरुस्त करत बसू नका, त्यात वर्ष जाईल. मुलीचे स्वतःचे नाव आणि जन्मतारीख मात्र दहावीची गुणपत्रिका, पदवीचे कागद आणि पासपोर्ट या तिघांवर तंतोतंत एक हवी. इथे एका अक्षराचीही सूट घेऊ नका. गुणपत्रिकेत चूक असेल तर शाळेमार्फत पर्वरीच्या शिक्षण मंडळाकडे अर्ज करा, आणि आजच करा, कारण मंडळाला शाळेच्या रजिस्टरचा उतारा लागतो आणि तो शोधायला वेळ जातो. पासपोर्टात चूक असेल तर पासपोर्ट नव्याने काढा. दोन्हींत फरक असून कोणते धरावे असा प्रश्न पडला, तर मी गुणपत्रिका धरायला सांगते. पदवी, प्रतिलेख (ट्रान्स्क्रिप्ट), पुढचे सगळे त्याच नावाने छापले जाते. मंडळ आडनाव आधी छापते आणि पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात असते, तेवढ्या फरकाची काळजी नको. फक्त परदेशी अर्ज भरताना पासपोर्टातल्या रकान्यांप्रमाणेच भरा.

आईवडिलांच्या नावातल्या स्पेलिंगच्या फरकाला ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. आईच्या दोन नावांना मात्र त्याच्या जोडीला नागरी निबंधकाकडचा विवाह दाखला हवा. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीची असल्याने तो जवळजवळ प्रत्येक घराचा असतो, आणि दोन नावांमधला दुवा तोच. त्याची ताजी प्रमाणित प्रत काढून ठेवा. नाव कायद्याने बदलायचेच असेल तर गोव्याचा १९९० चा वेगळा कायदा आहे, पण त्या वाटेला केवळ व्हिसासाठी जाऊ नका. जन्मस्थळाच्या स्पेलिंगचा फरक तर सोडूनच द्या.

पासपोर्टाची मुदतही याच रविवारी बघा. अठरा पूर्ण होण्याआधी काढलेला पासपोर्ट बहुतेक वेळा पाच वर्षांचाच असतो. शाळेत असताना कुटुंबाच्या सहलीसाठी काढलेला पासपोर्ट नेमका शेवटच्या वर्षाला संपतो आणि व्हिसाच्या गडबडीत ते ध्यानात येते. पत्ता बदलला असेल तर तोही नूतनीकरणात करून घ्या.

आणि एक विनंती, गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. आपल्याकडच्या पावसाने कागदाला बुरशी येते म्हणून आईबाप मायेने लॅमिनेट करतात, पण त्यावर पुढे कुणाला शिक्का मारता येत नाही, आणि प्लास्टिक काढायला गेले तर छपाईही निघून येते. साध्या प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घाला, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. भिंतीला टेकून नको, जून-जुलैत भिंतीच घामेजतात.

विद्यापीठाचे काम त्यामानाने सरळ. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात प्रतिलेखासाठी अर्ज करायचा तो सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडून. लागतील त्यापेक्षा दोन संच जास्त मागा. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते असे पत्र महाविद्यालयाकडून घ्या. शिफारसपत्रे देणाऱ्या प्राध्यापकांना महिनाभर आधी विचारा आणि मुलीने कोणता प्रकल्प केला, कोणत्या विषयात तिला किती गुण होते, याचा एक पानाचा गोषवारा त्यांच्या हातात द्या. मोघम स्तुतीच्या पत्राने काही साधत नाही. मुलीच्या हातून घडलेले काम ज्यात सांगितले आहे, तेच पत्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहते.

आता एक गोष्ट ठासून सांगते, कारण यात लोकांचे पैसे जातात. ‘सगळ्या कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) करून घ्या’ असे कुणी म्हणाले तर आधी विचारा, कोण मागते आहे? भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला हे खरे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपल्याकडचे अपोस्टिल तिथे धरले जात नाही. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून लागते ते एपीएस प्रमाणपत्र. दिल्लीची ही यंत्रणा तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का ते तपासते. त्याविना विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही आणि बरीच विद्यापीठे अर्जाबरोबरच ते मागतात. त्याला आठवडे लागतात, गर्दीच्या काळात जास्तच. म्हणून जर्मनीचा विचार पक्का होताच पहिला अर्ज एपीएसचा. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाला पदवीच्या कागदांवर अपोस्टिल सहसा लागत नाही. विद्यापीठाच्या पत्रात स्पष्ट लिहिले असेल तरच करा.

पैशांकडे येऊ, कारण गोव्यात खरा घोळ इथे होतो. जर्मनीसाठी वर्षभराचा खर्च ‘बंद खात्यात’ (ब्लॉक्ड अकाउंट) आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. आकडा बदलत असतो, अर्जाच्या आदल्या आठवड्यात दूतावासाच्या पानावर पाहूनच पैसे पाठवा. इंग्लंडला पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात आणि त्या काळात शिल्लक एक दिवसही ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये. काकाकडून घेऊन आदल्या दिवशी भरलेली रक्कम चालत नाही.

कर्ज घेणार असाल तर बँकेकडे आताच जा. साडेसात लाखांपर्यंत तारणाविना शैक्षणिक कर्जाची सोय आहे, त्यापुढच्या रकमेला सरकारी बँका बहुतेक वेळा घर किंवा जमीन मागतात. आणि गोव्यात घर एकट्या बापाचे नसते. आपल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको दोघांची मालमत्ता सामाईक. म्हणजे वडिलांच्या नावावरच्या घरासाठीही तुमची सही लागणार. घर अजून आजोबांच्या नावावर असेल आणि ते वारले असतील, तर सगळे वारस आले, त्यांच्या बायका आणि नवरे आले, मुंबईला असलेली आत्या आली, पुण्यातला काका आला. फॉर्म एक व चौदावर (जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर) कुळाचे किंवा भलत्याचेच नाव असेल तर बँकेचा वकील अहवालच देत नाही. वारसाहक्काचा दस्त किंवा इन्वेंतार (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) व्हायला वर्षही अपुरे पडते. तुमच्या घराचे कागद अशा अवस्थेत असतील तर त्या घराच्या भरवशावर राहू नका. ठेवी, विम्याच्या पॉलिसी किंवा सहकर्जदाराच्या पगारावरचे विनातारण कर्ज यांची चौकशी समांतर सुरू ठेवा. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आणि मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना या दोन्हींच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. तिथे रहिवासी दाखला लागतो. तो मामलेदाराकडून आधीच काढा, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे गोळा करायला दिवस मोडतात.

ज्या घरांत आजोबा-आजी १९६१ पूर्वीचे, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले आहेत तिथे हल्ली हमखास विचारले जाते, पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंदणी करून टाकली तर व्हिसाच लागणार नाही ना? हा नागरिकत्वाचा निर्णय आहे. भारतीय पासपोर्ट, पुढचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड), घरच्यांचे हक्क, सगळे त्याला चिकटलेले आहे. तो विद्यार्थी व्हिसाच्या घाईत घेऊ नका. घरात कुणी ती प्रक्रिया सुरू केलेली असेल तर व्हिसाच्या अर्जात विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्या.

वेळापत्रक आखताना चवथ (गणेशचतुर्थी) लक्षात घ्या. मुले निघतात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, नेमकी तेव्हाच चवथ येते, कचेऱ्या ओस पडतात आणि मुंबईच्या गाड्या भरून वाहतात. इथला प्रत्येक सरकारी कागद मेअखेरपर्यंत हातात यावा, असा माझा नेहमीचा आग्रह असतो. इंग्लंडला जायचे ठरले तर क्षयरोगाची तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातूनच करावी लागते, ओळखीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र कितीही चांगले असले तरी चालत नाही. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड शोधून ठेवा, दात आणि डोळे जायच्या आधी इथेच दाखवा. तिकडे दाताच्या एका भेटीला जो खर्च येतो त्यात महिन्याचे किराणा सामान येते.

आता बॅग. आधी तिकीट नीट वाचा, कारण बॅगेचे वजन तिकिटावर ठरते. गोव्याहून युरोपला जायचे म्हणजे बहुतेक वेळा मुंबई, दिल्ली किंवा बंगळूर मार्गे. गोवा ते मुंबई आणि पुढचे आंतरराष्ट्रीय उड्डाण एकाच आरक्षणात असेल तर आंतरराष्ट्रीय वजन पहिल्यापासून लागू होते. दोन वेगळी तिकिटे काढली तर देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या १५ किलोच सोडतात, आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन गेलेल्या मुलाला काउंटरवर दर किलोमागे दंड भरावा लागतो. स्वस्त दिसले म्हणून वेगळे तिकीट काढणाऱ्यांची बचत तिथेच संपते. शिवाय मुंबईत बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाल्याने उतरायचे कुठे, चढायचे कुठून हे आधी बघावे लागते. वेगळेच जायचे असेल तर मुंबईपर्यंत रेल्वेने जा, पण पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू धावते, म्हणून एक पूर्ण दिवस हाती ठेवून. तिकिटावर जीओआय लिहिले असेल तर दाबोळी विमानतळ, जीओएक्स असेल तर मोपा. काणकोणच्या माणसाने मोपाला जायचे म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा, त्यात पाऊस.

बॅग दोन वर्षांची भरू नका, पहिल्या पंधरा दिवसांची भरा. मी मुलांना सांगते, पोचल्यावर दुकान सापडेपर्यंत जे लागेल तेच न्या. एक चादर, एक उशीचे अभ्रे, दोन टॉवेल, एक छोटा कुकर, एक तवा, एक पोळपाट-लाटणे (येत असेल तरच), तिकडच्या प्लगचा अडॅप्टर, चार-पाच रोजचे कपडे, आतून घालायचे थर्मल दोन जोड. जाड कोट इथून घेऊ नका. आपल्याकडे मिळतो तो डिसेंबरच्या सहलीचा कोट, जर्मनीच्या जानेवारीला तो पुरत नाही आणि अर्धी बॅग खातो. चपला इथल्या, बूट तिकडचे. नेहमीची औषधे तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक नाव इंग्रजीत लिहून घ्या, फक्त कंपनीचे नाव नको. चष्म्याचा एक जादा जोड इथूनच करून न्या.

आजीच्या जिनसांचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपीय संघात आणि इंग्लंडमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचे तूप, पेढे, खवा, चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज), काहीही नाही. आजीला तुपाचे फार वाईट वाटेल, पण विमानतळावर ते कचऱ्यात जाण्यापेक्षा इथेच नकार द्यावा. मासळीला मात्र स्वतःपुरती मुभा आहे, त्यामुळे सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) नेता येतात, नीट वाळवलेली आणि हवाबंद. पाकीट बॅगेत फुटले तर सगळ्या कपड्यांना वर्षभर वास राहतो, म्हणून दुहेरी पाकीट आणि तेही डब्यात. ताजी हळदीची पाने, कडीपत्ता, मानकुराद आंबे नकोत, झाडपाल्याला आणि फळांना आरोग्य प्रमाणपत्र लागते. सुके खोबरे तेलामुळे पेट घेणारे धरले जाते आणि विमान कंपन्या हरकत घेतात, किसून मसाल्यात भाजून घातलेले बरे. सोलां, कुळथाचे पीठ, भाजलेला मसाला, मिरचीपूड, खाजे, हे खुशाल द्या. कुळथाचे पीठ तर द्याच, थंडीत पिठी दहा मिनिटांत होते आणि घरची चव देते.

उकड्या तांदळांचे थोडे सांगते, कारण तुमच्या मुलीच्या मैत्रिणी दुसरीकडे जात असतील. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात प्रवाशाच्या सामानातून भारतातले तांदूळ नेता येत नाहीत, खापरा नावाच्या किडीमुळे. ऑस्ट्रेलियात तर डाळी, जिरे, धणे, अख्ख्या सुक्या मिरच्या यांवरही तीच बंदी आहे, आणि तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावीच लागते. जर्मनीत ती अडचण नाही, पण दोन किलोपेक्षा जास्त तांदूळ नेणे म्हणजे बॅगेतली जागा घालवणे. मोठ्या शहरांत आशियाई दुकानांत तांदूळ मिळतो. उकडा मिळेलच असे नाही, म्हणून ते दोन किलो.

मूळ कागद कधीही चेक-इन बॅगेत घालू नका. ते हातातल्या पिशवीत, पासपोर्ट, प्रवेशपत्र, विम्याचा कागद, राहण्याच्या जागेचे पत्र वर. प्रतींचा एक संच मोठ्या बॅगेत, एक तुमच्या घरी, आणि स्कॅन मुलीच्या आणि तुमच्या दोघींच्या ईमेलमध्ये. पॉवर बँक हातातच, चेक-इनमध्ये चालत नाही. फोन बंद पडला तर उपयोगी पडतील असे चार नंबर आणि राहण्याचा पत्ता कागदावर लिहून पाकिटात. जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचा ठरावीक फॉर्म लागतो, तो करार करतानाच मागायला सांगा. तो मिळाला नाही तर पुढे बँक आणि निवास परवाना दोन्ही खोळंबतात.

निघण्याच्या आधी मुलीकडून इथल्या कामांसाठी सह्या घेऊन ठेवा. मूळ पदवी प्रमाणपत्र मिळेपर्यंत ती तिकडे असेल, तर विद्यापीठातून ते घ्यायला तुमच्या नावाचे प्राधिकारपत्र हवे. कर्ज घेतले असेल तर बँकेतल्या कामांसाठी नोटरी केलेले मुखत्यारपत्र हवे. एकदा मुलगी तिकडे गेली की हेच मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून करून मागवावे लागते, त्यासाठी वेळ ठरवा, प्रवास करा, फी भरा. इथे पणजीत ते एका सकाळीत होते.